घोरण्याची साक्ष

साक्ष हा शब्द आमच्या लोकांत फार चालतो. आमच्या म्हणजे ख्रिस्ती लोकांत. कोर्टात देतात ती साक्ष निराळी. आमच्याकडं भक्तीच्या वेळी उभं राहायचं आणि देवानं आपल्यासाठी काय केलं ते चारचौघांत सांगायचं, याला साक्ष देणं म्हणतात. कुणाचा ताप उतरला, कुणाच्या पोराला नोकरी लागली, कुणाच्या नवऱ्याची दारू सुटली. पस्तिशीत असताना मी या कामात मोठी पटाईत होते. माझा ताप उतरला तर तो मी असा रंगवून सांगायची, की ऐकणाऱ्याला चढावा.

आता म्हातारी झाले. झोपताना दात वाटीत काढून ठेवते. ती पस्तिशीतली बाई आठवली की बिनदातांचं हसू येतं. इस्त्रीची पांढरी साडी, हातात पिशवी, पिशवीत वर वांगी-कोथिंबीर आणि खाली धर्माच्या पत्रिका. चाल अशी, जणू सगळ्या गावाचं तारण दुपारच्या जेवणाआधी आटपून टाकायचंय.

गाव कुरुंदा. तेव्हा हिंगोली जिल्हा व्हायचा होता, आमचे सगळे कागद परभणीला अडकायचे. आमचे हे गुरांच्या दवाखान्यात पट्टीबंधक. म्हणजे डॉक्टर सुई देणार आणि हे बैलाला धरणार, जखम धुणार, पट्टी बांधणार. पण गावाला एवढा फरक कोण समजावणार? हे 'ढोराचे डॉक्टर' झाले आणि मी 'डॉक्टरीणबाई'. मी कधी कुणाची चूक दुरुस्त केली नाही. बाकीच्यांच्या चुका दुरुस्त करण्यात माझा वेळ जायचा.

गावात ख्रिस्ती घर आमचं एकच. राहायला एका हळदवाल्या शेतकऱ्याच्या घरातल्या दोन खोल्या. घरमालकीण माझ्याच वयाची. तोंडानं फटकळ, हातानं सढळ. सकाळी मला टोमणा मारायची आणि दुपारी ताकाचा तांब्या पाठवायची. तिची सासू ओसरीवर बाजेवर पडून असायची. गुडघे कामातून गेले, असं ती म्हणायची. पाणी प्यायचं तर "सूनबाई, तांब्या." उठून बसायचं तर "सूनबाई, हात दे."

संक्रांतीला घरमालकिणीनं मला हळदीकुंकवाला बोलावलं. "आमच्यात नसतं, पण तिळगूळ द्या," एवढं म्हणाले असते तर काय बिघडलं असतं? पण मी पायरीवरच उभी राहिले आणि बोटावर कुंकू घेतलेल्या त्या बाईला आमची श्रद्धा समजावून सांगायला लागले. तिच्या मागं बायांची रांग. आत चहा निवून चाललेला.

"झालं का?" तिनं शेवटी विचारलं. "व्हय तं व्हय म्हणा, न्हाई तं न्हाई म्हणा. हात दुखून राहिला माहा."

तेव्हापासून मी दारात दिसले की ती कुंकवाचा करंडा झाकायची. मांजर आल्यावर दूध झाकावं तसा.

आमची भक्ती वसमतला, एका भाड्याच्या खोलीत. दर रविवारी आम्ही दोघं जीपनं जायचो. त्या वर्षी पाळकसाहेबांनी, म्हणजे आमच्या धर्मगुरूंनी, उपदेशात सांगितलं, "येत्या ईस्टरला प्रत्येकानं एक माणूस सोबत आणावा. ओढून नाही. आपलं जगणं बघून तो आपण होऊन यावा." यातलं पहिलं वाक्य मी पाठ केलं. पुढची दोन माझ्या कानापर्यंत पोचलीच नाहीत.

सोमवारपासून मी माणूस शोधायला निघाले. घरमालकीण गोठ्यात शेण काढत होती. मी नाकाला पदर न लावता उभी राहिले (हा माझा त्याग) आणि पुस्तकी मराठीत विचारलं, "भगिनी, तुमच्या अंतःकरणात शांती आहे काय?"

"हाय ना. लेकरं झोपल्यावर घटकाभर असते. तेवढ्यात तुमी येता."

मग मी जीपवाल्या चाचांना धरलं. ते मुसलमान. त्यांनी पत्रिका दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली, "ऊपरवाले का नाम है बाई," म्हणाले आणि समोरच्या काचेशी जपून ठेवली. मला वाटलं, झालं. आमचे हे म्हणाले, "दर रविवारी भक्तीला तुम्हाला तेच घेऊन जातात. तुम्ही त्यांना कुठं नेणार?"

ह्यांनी जन्मात कधी साक्ष दिली नाही. पाळकसाहेबांनी नाव घेतलं तर उभे राहायचे, "देव बरा आहे," म्हणायचे आणि खाली बसायचे. पण कुणाची गाय अडली असं कळलं की अर्धी भाकर ताटात टाकून उठायचे. मग तो गाववाला असो, तांड्यावरचा असो, की परवाच ह्यांच्याशी भांडलेला असो. मी त्याला नोकरी समजायची. मी म्हटलं, "तुम्हीही एक माणूस आणा ना ईस्टरला." तर म्हणाले, "माझी सगळी चार पायांची."

फाल्गुनात हळदीचं काम सुरू झालं. आमच्या खोल्यांच्या मागंच खळं. ओली हळद मोठ्या लोखंडी कढईत पाल्यानं आणि पोत्यांनी झाकून शिजवायची, मग खळ्यावर पसरून वाळवायची, मग जाळीच्या ड्रममध्ये घालून फिरवायची, की सालपट जाऊन ती चकाकते. या कामाला शेजारच्या तांड्यावरच्या बाया यायच्या. त्यांची म्होरकी पन्नाशीची. आरशांची चोळी, कोपराच्या वरपर्यंत पांढऱ्या बांगड्या, आणि हात, पाय, पापण्या सगळं पिवळं. पहाटे चुलाण पेटायच्या आधी ती तांड्यावरून चालत आलेली असायची. दुपारच्या सुट्टीत बाकीच्या बाया लिंबाखाली आडव्या व्हायच्या. ही एक दिवस माझ्या दारात आली.

"बाई, पानी."

माझ्या माठातलं पाणी गार, खोलीत जाड भिंतींचा गारवा. ती पाणी प्याली आणि खांबाला टेकून बसली. मी हळूच दार लोटून घेतलं. मासा जाळ्यात होता.

मग रोज दुपारी तेच. मी खुर्चीवर, ती खांबाशी. मी वचनाला, म्हणजे बायबलला, जगाच्या उत्पत्तीपासून सुरुवात केली. ती ओढणी कपाळावर ओढून, मान खाली घालून ऐकायची. मधूनच ओढणीचं टोक डोळ्यांना लावायची. मला वाटायचं, पाझर फुटला! मी आवाज आणखी चढवायची.

रविवारी मी उभी राहिले. "आमच्या गावी एक बहीण रोज माझ्याकडं वचन ऐकायला येते. मान वर करत नाही. डोळ्यांचं पाणी खळत नाही." बायांनी हालेलुया म्हटलं. पाळकसाहेबांच्या पत्नी, आमच्या पाळकबाई, त्यांनी माझा हात हातात घेतला. "आम्हाला भेटायचंय त्या बहिणीला. शनिवारी आम्ही दोघी-तिघी येतो."

ते डोळ्यांचं पाणी चुलाणाच्या धुराचं होतं. हे कुरुंद्यातल्या शेंबड्या पोरानंसुद्धा सांगितलं असतं. पण मी शेंबड्या पोरांना विचारत नव्हते.

शुक्रवारी दुपारी मी महापुराच्या गोष्टीपर्यंत आले होते. पाणी चढत होतं, जनावरं जोडीजोडीनं नावेत शिरत होती, आणि मध्येच कुठून तरी रेडकासारखा आवाज आला. मला वाटलं, माझं वर्णन फारच जिवंत झालं. पुन्हा आवाज आला. मी वाकून बघितलं. बाई बसल्या जागी गाढ झोपली होती. तोंड उघडं, आणि दर घोरण्याला बांगड्या किणकिणत होत्या.

माझा असा संताप झाला! हलवून उठवायला हात पुढं केला. तेवढ्यात ती झोपेत "याडी" म्हणाली. तांड्याच्या बोलीत याडी म्हणजे आई. पन्नाशीची बाई, डोक्याचे केस पांढरे झालेले, आणि आवाज सात वर्षांच्या पोरीचा. माझा हात तिथंच थांबला. तिच्या तळव्यांच्या भेगांत हळद बसलेली दिसत होती, मातीच्या भिंतीला चिरा पडाव्या आणि त्यात ऊन शिरावं तशी. मी खाली तिच्याजवळ बसले आणि खळ्यावरून हाक येईपर्यंत तिच्या तोंडावरच्या माश्या हाकलल्या. रागारागानंच हाकलल्या, पण हाकलल्या.

संध्याकाळी जेवताना हे म्हणाले, "आज तुमची बहीण फार जोरात ऐकत होती. रस्त्यापर्यंत येत होतं."

"कुणाला सांगू नका," मी म्हटलं. "उद्या पाळकबाई येणार आहेत."

ह्यांनी भाकरीचा तुकडा वरणात बुडवला आणि काही बोलले नाहीत. त्यांचं काही न बोलणं मला नेहमी उपदेशापेक्षा जड जायचं.

शनिवारी सकाळी मी साडीच्या निऱ्या करत होते. बाहेरून घरमालकिणीचा आवाज आला. गेले तर अंगणात सगळ्या तांड्यावरच्या बाया उभ्या, आणि त्यांच्यासमोर ती कंबरेवर हात देऊन. ओसरीत चकाकी दिलेल्या हळदीची पोती रचलेली होती. त्यातलं अर्धं भरलेलं एक पोतं गायब होतं.

"काल दुपारच्या सुट्टीआधी म्या डोळ्यानं पाहिलं. सुट्टी झाली आन पोतं न्हाई. समद्या बाया लिंबाखाली होत्या. एक सोडून." तिनं म्होरकीकडं बोट केलं. "तू कुठं होतीस गं?"

"बाईच्या घरात."

"काहून?"

"पानी प्यायला."

"येवढा येळ? आड पिऊन आलीस का?"

बायांमधून कुणीतरी दबक्या आवाजात काही बोललं. घरमालकीण आणखी तापली, आणि तिच्या तोंडून तो शब्द गेला. चोर. तांड्याच्या लोकांना तो शब्द नवा नव्हता. न मागता पिढ्यान् पिढ्या त्यांच्या पदरात पडत आलेला. पण म्हणूनच तो जास्त लागायचा. एकदा कुरुंद्यात हे नाव झालं असतं, तर पुढच्या हंगामाला या बाईला कुणी खळ्यावर उभं केलं नसतं. आणि तिच्या मागं आलेल्या सगळ्याजणींनाही नाही. हळदीच्या कामावर त्यांची अर्ध्या वर्षाची चूल चालायची. म्होरकी मनगटावरच्या बांगड्या एकेक करून फिरवत राहिली.

आणि नेमकी तेव्हाच रस्त्यावर चाचांची जीप थांबली. पाळकबाई आणि मंडळीतल्या दोन बाया खाली उतरल्या. हातात बिस्किटांचा पुडा, तोंडावर प्रसन्न हसू. बहिणीला भेटायला आल्या होत्या.

"ह्या बी आल्या का? लई बरं झालं," घरमालकीण म्हणाली. "डॉक्टरीणबाई, तुमी सारखं साक्ष साक्ष करता. द्या आता. हे बाई काल दुपारी तुमच्याकडं होती का?"

मी पदर सावरला. पाळकबाईंकडं एकदा बघून घेतलं. "होय. ही बहीण काल माझ्या घरी होती. वचन ऐकत होती."

खरंच होतं. निदान अर्धं तरी. पाळकबाईंनी मान डोलावली.

"असं?" घरमालकीण म्होरकीकडं वळली. "मंग सांग गं, काय ऐकलंस?"

ती माझ्याकडं बघायला लागली. मी डोळ्यांनी तिला पूर दाखवला, नाव दाखवली, जनावरं दाखवली. डोळ्यांनी हत्ती कसा दाखवायचा, हे त्या दिवशी मी करून बघितलंय.

"ते... देवाचं," ती म्हणाली.

"देवाचं काय?"

"देव..." तिनं फार विचार केला. "देव बरा हाय."

म्हणजे आमच्या ह्यांचीच साक्ष. पण ती काही पुरली नाही. घरमालकीण एकदम माझ्यावर उलटली. "खोटं बोलून राहिल्या तुमी दोघी! तुमाला तुमच्या भक्तीला माणूस पाहिजे, आन हिला पांघरूण पाहिजे. बराबर जमलं तुमचं!"

फाटकाशी आमचे हे उभे होते, हातात गुरांच्या औषधाची बादली. त्यांनी फक्त माझ्याकडं बघितलं. आणि म्होरकीनं मान खाली घातली. तीच मान, तशीच, जिला मी भर मंडळीत पश्चात्ताप म्हणून सांगितलं होतं. माणसाची मान कशाकशानं खाली जाते, ते मला तेव्हा कळलं.

"ती झोपली होती," मी म्हणाले.

"काय?"

"झोपली होती ती. पुराचं पाणी चढायला लागलं तेव्हापासून तुमची हाक येईपर्यंत. एक अक्षर तिनं ऐकलेलं नाही. घोरत होती." मग मी पाळकबाईंकडं वळले, कारण आता थांबून उपयोग नव्हता. "कालच नाही, रोजच झोपत असणार. मी रविवारी उभं राहून सांगितलं ना, डोळ्यांत पाणी वगैरे, ते सगळं मी माझ्या मनानं लावलं. तिला धूर लागलेला होता."

पहिल्यांदा कोण हसलं ते आठवत नाही. लिंबाकडच्या कोपऱ्यातून एक खिक्‌ आलं, मग दुसरं, आणि मग सगळं अंगण हलायला लागलं. घरमालकीण ओठ दाबून धरत होती, पण तिचं पोट तिचं ऐकेना. "हे मातर खरं असंल गं," ती म्हणाली. "संक्रांतीला पायरीवर मला बी उभ्या उभ्या डुलकी आली व्हती."

माझ्या बोलण्यानं माणूस झोपतो, या गोष्टीला कुरुंद्यात दुसऱ्या पुराव्याची गरज पडली नाही.

"आणि झोपेत याडी म्हणाली ती," मी म्हटलं. का म्हटलं कोण जाणे. तांड्याच्या बायांचं हसणं एकदम थांबलं. म्होरकीनं ओढणी तोंडापुढं धरली. या वेळी चुलाण पेटलेलं नव्हतं.

तेवढ्यात ओसरीवरून आवाज आला. "सूनबाई, हात दे."

"थांबा आत्याबाई, इथं काय चाललंय!"

"न्हाई थांबत. पोतं म्या दिलं."

सगळ्या माना बाजेकडं वळल्या. म्हातारी उठून बसली होती, आणि तेही कुणाचा हात न धरता.

"तुमी? कोणाला दिलं?"

"कोणाला म्हंजे? माह्या लेकीला. कळमनुरीला."

आमच्या भागात सासू झालेल्या बाईनं लेकीला चोरून देणं ही काही चोरी नव्हे. तुपाची बरणी, पायलीभर डाळ, पदराखालून जाईल ते जातं. सुनेला दिसू नये एवढंच. आणि सूनही स्वतःच्या माहेराहून तसंच काहीबाही आणत असते, म्हणून दिसलं तरी तिला दिसत नाही. पण अर्धं पोतं हळद पदराखाली कशी जाणार? काल कळमनुरीचा बाजार होता. चाचांची जीप दुपारी तिकडं निघाली होती.

चाचांना बोलावलं. ते काच पुसायचं फडकं हातात घेऊनच आले. "अम्मा बोली, घर का माल है, चुप ले जा. मैं क्या बोलता? मेरेकू यहाँ का तमाशा मालूमच नहीं."

"पन रस्त्यापर्यंत गेल्या कशा तुमी?" घरमालकिणीनं कपाळावर हात मारला. "तुमचे गुडघे?"

"लेकीसाठी चालतेत."

म्हातारीचं बोलणं एवढ्यावर संपलं नव्हतं. "काल सांजच्यापासून सांगू सांगू करून राहिले. तू पोतं हुडकायला लागलीस आन माही जीभच उचलंना. वाटलं, दोन दिस वरडंल आन गप बसंल. हिच्यावर येईल असं न्हाई वाटलं." तिनं माझ्याकडं हनुवटी केली. "आता ह्या डॉक्टरणीनं आपली शोभा आपल्या हातानं करून घेतली, ते बी आपल्या लोकाइच्या म्होरं. मंग म्या म्हातारीनं काहून झाकून ठेवावं?"

घरमालकिणीनं पदर कंबरेला खोचला. मग घरात गेली. आता सासूचा पाणउतारा होणार असं सगळ्यांना वाटलं. ती बाहेर आली ती सूप घेऊन. माफी मागायची भाषा तिला येत नव्हती, आम्हा कुणाला ती येते? तिनं म्होरकीला ओसरीवर घेतलं, पाटावर बसवलं, कपाळाला हळदकुंकू लावलं आणि तिची ओटी भरली. तांदळांऐवजी चकाकती हळकुंडं, ओंजळीनं, ओढणीत मावेनात इतकी. म्होरकी खाली बघत होती, पण मान खाली नव्हती. हा फरक मी त्या दिवशी शिकले.

"आन तुमाला काय द्यावं?" घरमालकीण मला म्हणाली. "तुमाला तं हळदीकुंकू चालत न्हाई." आणि ताक आणायला गेली.

पाळकबाईंना जीपपर्यंत पोचवायला मी गेले. बिस्किटांचा पुडा त्यांनी म्होरकीच्याच हातात दिला होता. मी म्हटलं, "बाई, मी मंडळीत उभं राहून खोटं बोलले."

त्या जीपमध्ये चढल्या, पदर आवरला, इकडं तिकडं बघितलं आणि माझ्या कानाशी वाकल्या. "साहेबांच्या उपदेशात मीही झोपते. बाजाच्या पेटीच्या मागं बसते म्हणून दिसत नाही. कुणाला सांगू नका."

दुपारच्या सुट्टीत म्होरकी आली. माठातलं पाणी स्वतःच घेतलं आणि खांबाशी बसली. मी खुर्चीत बसले नाही. तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि पहिल्यांदाच काही बोलले नाही. बोलायला काही शिल्लकच नव्हतं. ती म्हणाली, "बाई, आज काहून गप?"

"तू झोप."

"आज झोप न्हाई येत. गप बसलं तं कशी येईल?" मग म्हणाली, "ते तुमचं कुठं असतं, रविवारचं?"

"वसमतला. का?"

"येते म्या. माह्यापायी कोणी आपली इज्जत असी अंगणात टाकली न्हाई. तुमचा देव असं करायला सांगत असंल, तं पाहून येते एकडाव."

मी तिला 'ये' म्हणाले नव्हते. इतके दिवस म्हणत होते, तेव्हा ती झोपली होती. आता गप होते, आणि ती आपण होऊन निघाली होती.

ईस्टरला चाचांच्या जीपमध्ये आम्ही चौघं. मी, आमचे हे, ती, आणि बाजेवरची म्हातारी. म्हातारीला कुणी बोलावलं नव्हतं. "मला बी साक्ष देयाची हाय," म्हणाली, आणि गुडघ्यांनी त्या दिवशीही तिला साथ दिली.

वसमतला खोली भरून गेली होती. मी पांढरी साडी नेसले होते, म्होरकी माझ्या शेजारी. पहाटे कढई उतरवूनच ती आली होती, हात धुतले होते, पण हळद कधी धुऊन जाते? पहिलं गीत झालं. दुसऱ्या गीतात तिचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. पाळकसाहेबांनी विचारलं, "आज कोण साक्ष देणार?" आणि नेहमीसारखं माझ्याकडं बघितलं. मला उठता येत नव्हतं. उठले असते तर ती जागी झाली असती. मी मान हलवली. पाळकबाई पेटीच्या मागून हसल्या.

मग मागून काठीचा आवाज आला. म्हातारी उभी राहिली होती. "मी माह्या लेकीला हळद दिली. चोरून दिली. आता सांगून देते. झालं." आणि बसली. हालेलुया म्हणावं की नाही, हे कुणाला कळेना. आमचे हे बारीक आवाजात "आमेन" म्हणाले. त्यांच्या हिशेबानं ते पुष्कळ बोलणं होतं.

पुढं हिंगोली जिल्हा झाला, हळद शिजवायला वाफेचे बॉयलर आले, ह्यांची बदली झाली आणि मग निवृत्तीही. पण ती बाई दर ईस्टरला यायची. आम्ही गाव सोडलं तरी यायची, हळूहळू नातसुना घेऊन. तांड्यावर कुणी आजारी असलं की प्रार्थनेला निरोप पाठवायची. मी गेले की बायांना सांगायची, "बाईला जास्त बोलू देऊ नका. हात धरून बसू द्या." तिनं आपले देव सोडून आमचा घेतला का, हे मला बरेच जण विचारतात. पस्तिशीतली मी असते तर तिला खोदून खोदून विचारलं असतं. मी विचारलं नाही. एवढं माहीत आहे, की शेवटच्या आजारात तिनं मला बोलावून घेतलं आणि म्हणाली, "ते पुराचं सांगा. तवा अर्धंच राहिलं." मी सांगितलं. ती शेवटपर्यंत जागी राहिली.

पण त्या पहिल्या ईस्टरच्या दुसऱ्या दिवसाचं सांगायचं राहिलं. सोमवारी मी ती पांढरी साडी आडाजवळच्या दगडावर धुवायला घेतली. खांद्यावर, जिथं तिचं डोकं आणि हात होता तिथं, पिवळा डाग. मी साबण लावला. डाग लाल झाला. आणखी साबण लावला, आणखी लाल. हळदीच्या गावात राहून मला माहीत नव्हतं, की साबण लागला की हळद कुंकवासारखी होते.

शेजारच्या दगडावर घरमालकीण धुणं आपटत होती. तिनं बघितलं, आणि तिचा हात वरच्या वर राहिला.

"घ्या!" ती म्हणाली. "हळद बी लागली आन कुंकू बी लागलं. आता तं आत या चहाला, डॉक्टरीणबाई. पायरीवर उभ्या राहू नका."

मी गेले. साडीचा डाग उन्हानं कधीतरी उडाला. चहात तिनं साखर जास्त घातली होती, आणि मी त्यावर काही बोलले नाही.